गुरुजी, बिदरला गाडी सकाळी लावा

प्रति,
लातूर, नांदेड, धाराशिव, परभणी आणि सोलापूर जिल्ह्यांतील शाळांचे मुख्याध्यापक व सहलप्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

सहामाही परीक्षा आटोपली, दिवाळीची सुट्टी संपली, की स्टाफरूममध्ये सहलीचा विषय निघतो. आठवी-नववीची मोठी सहल कोकणात नाहीतर वेरूळ-अजिंठ्याला, आणि पाचवी ते सातवीची एक दिवसाची बिदरला. नोकरीत सोळा-सतरा वेळा मी सहलप्रमुख होतो, त्यामुळे हे वेळापत्रक मला झोपेतही म्हणता येईल. पहाटे पाचला एसटी. कमालनगर, भालकी करत बिदर. आधी नरसिंह झरणीचं पाणी, मुलांचे ओले कपडे पिळून होईपर्यंत साडेदहा. मग नानक झिरा गुरुद्वारा, तिथेच लंगरमध्ये पंगत. दुपारभर किल्ला. आणि उन्हं उतरल्यावर, ड्रायव्हर हॉर्न वाजवत असताना, जुन्या गावातल्या महमूद गवानच्या मदरशाच्या त्या उंच मिनारापाशी दहा मिनिटं. मुलं उतरतात, ग्रुप फोटो होतो, हजेरी होते, गाडी सुटते.

त्या दहा मिनिटांबद्दल हे पत्र आहे.

निवृत्तीनंतर ओळखीच्या एका शाळेला सहलीसाठी एक माणूस कमी पडत होता, म्हणून मी पुन्हा एकदा त्या गाडीत बसलो. संध्याकाळी मिनारापाशी थांबलो तेव्हा मी सवयीने मुलांना सांगितलं, "ही साडेपाचशे वर्षांपूर्वीची शाळा. मोठी प्रसिद्ध होती." सहावीतल्या एका मुलीने मान वर करून सगळं नीट न्याहाळलं आणि विचारलं, "सर, शाळा होती तर फळा कुठं होता?"

मी म्हणालो, "चल, गाडी सुटेल."

छत्तीस वर्षं शिकवलं, आणि एका शाळेबद्दल विचारलेल्या सरळ प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी आल्यावर जुनी पुस्तकं काढली, पुढे दोनदा एकटाच बिदरला जाऊन आलो, पूर्ण सकाळ तिथे बसून काढली. जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवतो. तुम्ही तरी माझ्यासारखं करू नका.

पहिली गोष्ट, बिदर आपल्याला परकं नाही. 1956 पर्यंत उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यातच होते. आमच्या आजोबांचं जिल्ह्याचं ठिकाण बिदर; कोर्टकचेरी तिथेच. त्याही आधीचं म्हणाल तर मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट आपल्या मुलांना पाठ असते. दुष्काळात सरकारी कोठारं लोकांसाठी उघडली आणि विठोबा विठू महार होऊन धान्याचे पैसे भरायला बादशहाच्या दरबारी गेला. तो दरबार कुठला? बेदरचा. बेदर म्हणजे हेच बिदर. गोष्ट सांगतो, गाव दाखवतो, पण दोन्हीची गाठ मारून देत नाही.

आता ती शाळा. तिचं नाव महमूद गवानचा मदरसा. गवान हा इराणच्या उत्तरेकडचा, कास्पियन समुद्राकाठच्या गिलान प्रांतातला. 1411 च्या सुमारास जन्मला, व्यापार करत 1453 मध्ये जहाजाने उतरला तो आपल्या दाभोळ बंदरात. तिथून बिदरला आला आणि बहमनी सुलतानाच्या चाकरीत शिरला. पुढे चार सुलतानांच्या कारकिर्दी त्याने पाहिल्या. त्यातला शेवटचा, मुहम्मदशहा (तिसरा), 1463 मध्ये गादीवर बसला तेव्हा जेमतेम नऊ-दहा वर्षांचं पोर होता. राज्याचा गाडा राणीमाता आणि गवान यांनी ओढला. गवानने कोकणातले किल्ले घेतले, त्यात खेळणा म्हणजे आजचा विशाळगडही आला, आणि 1472 च्या फेब्रुवारीत गोवा घेतलं. राज्याच्या चार तरफा, म्हणजे प्रांत, होत्या, त्याने त्यांच्या आठ केल्या: वऱ्हाडच्या गाविलगड आणि माहूर, दौलताबादच्या दौलताबाद आणि जुन्नर, अशा. शिवाय प्रत्येक तरफदाराच्या हाती एकच किल्ला, बाकीच्यांवर सुलतानाचे किल्लेदार. शेतजमिनीची मोजणी सुरू केली. माहूर, जुन्नर, दौलताबाद ही नावं मुलांना फळ्यावर लिहून दाखवा, मग इतिहासाचा हा धडा आपल्याच एसटी स्टँडवरून जातो हे त्यांना दिसेल. सातबाऱ्यावर नाहीतर गावाच्या नावात अजून "तर्फ" हा शब्द भेटतो, तो याच जुन्या कारभाराचा नातेवाईक.

एवढा मोठा वजीर, पण बखरकार सांगतात की तो चटईवर झोपायचा आणि मातीच्या भांड्यात जेवायचा. घरखर्च स्वतःच्या व्यापाराच्या नफ्यातून. सगळं शब्दशः खरं धरायची गरज नाही, बखरकारांनाही आवडती माणसं असतात. त्याच सुमारास आलेला रशियन व्यापारी अफनासी निकितिन मात्र कोणाचा मिंधा नव्हता. 1469 मध्ये तो चौलला उतरला, पावसाळा जुन्नरला काढला, मग बिदरला आला. रेवदंड्याला एका शाळेच्या आवारात आज त्याचं स्मारक आहे. तो लिहितो की सरदार चांदीच्या पालख्यांतून फिरतात आणि खेड्यापाड्यातली रयत फार हालात आहे. मदरसा ज्या राज्यात उभा राहत होता त्या राज्याचं हेही चित्र. मुलांपुढे दोन्ही ठेवा.

मदरसा बांधून झाला हिजरी 876 मध्ये, म्हणजे इसवी सन 1471-72. हा आकडा कुठून आला त्याची गंमत आहे आणि ती मी पुढे सांगणार आहे, कारण सहावी-सातवीच्या मुलांना इमारतीपेक्षाही ती आवडेल असा माझा अंदाज आहे.

इमारत साधारण 205 फूट लांब आणि 180 फूट रुंद. तीन मजली. मधे मोकळा चौक, जवळपास 100 फुटांचा चौरस. खो-खोचं मैदान लॉबीसकट त्यात बसतं. आपल्याकडच्या मुलाला समजवायला एक शब्द पुरे: चौसोपी. चारी बाजूंनी सोपे आणि मधे चौक, असा वाडा कधीच आतून पाहिला नसेल असं मूल आता फार असेल, पण आजीला तरी माहीत असतो. फरक इतकाच की आपल्या चौसोपीत लाकडी खांब आणि तुळया, इथे कमानी. आणि चारही बाजूंच्या मध्यावर एक प्रचंड उंच कमान, तिच्या आत खोल गेलेली, पुढून उघडी जागा. इराणात त्याला ऐवान म्हणतात. उत्तर, दक्षिण आणि पश्चिमेला हे भाग बाहेरच्या अंगाने अष्टकोनाच्या अर्ध्या आकारात भिंतीच्या पुढे आलेत आणि त्यांच्यावर घुमट आहेत. समरकंदचा उलुगबेगाचा मदरसा, खुरासानात खर्गिर्दचा मदरसा, हे त्याचे थोरले भाऊ. ते पाहिलेला माणूस डोळे बांधून इथे आणून सोडला तर आपण दख्खनमध्ये आलोय हे त्याला कळायला थोडा वेळ लागेल. हिंदुस्थानात त्या काळी इतकी निखळ इराणी घडणीची इमारत दुसरी क्वचितच सापडेल. बिदरच्या इतर वास्तूंत स्थानिक हात दिसतो. इथे गवानने आपल्या गावाकडची शाळाच उचलून आणली.

आता त्या मुलीचा फळा. फळा नव्हता. शिकवणारा बसायचा, शिकणारे त्याच्याभोवती, हातात हस्तलिखित नाहीतर कानात पाठ. म्हणून वर्ग बांधताना भिंतीपेक्षा उजेड आणि हवा यांचा विचार जास्त केलाय. शिकवण्याचे दिवाणखाने, मशीद आणि ग्रंथालय या जागा मजले न पाडता इमारतीच्या पूर्ण उंचीएवढ्या ठेवल्या होत्या. उन्हाळ्यात गरम हवा वर जाते, माणूस खाली बसतो. मे महिन्यात पत्र्याच्या वर्गात जादा तास घेतलेल्या माणसाला याचं मोल वेगळं सांगायला नको. राहायच्या खोल्या मात्र तीन मजल्यांत एकावर एक: 36 खोल्या विद्यार्थ्यांच्या, आणि शिक्षकांसाठी खोल्यांचे सहा स्वतंत्र संच. म्हणजे ही निवासी शाळा. जेवण, राहणं मोफत. विषयांत धर्मशास्त्र होतं तसंच अरबी-फारसी भाषा, गणित, खगोल, तत्त्वज्ञान होतं. ग्रंथालयात 3,000 ग्रंथ होते असं सांगतात. छापखान्याआधीचे, प्रत्येक हाताने लिहिलेला. आपल्या शाळेच्या कपाटातली पुस्तकं एकदा मुलांकडून मोजून घ्या आणि मग हा आकडा सांगा.

शिक्षक मिळवायला गवानने पत्रं धाडली. हेरातच्या जामीला बोलावलं, इराणातल्या जलालुद्दीन दवानीला बोलावलं. दोघेही आले नाहीत. जामी म्हणजे त्या काळच्या फारसी कवितेतलं सर्वांत मोठं नाव. तो आला नाही, पण गवानवर त्याने कसीदा, म्हणजे स्तुतिकाव्य, लिहिला. आपल्याला एक गणिताचा शिक्षक तालुक्याहून बदली करून आणायला किती खेटे घालावे लागतात ते आठवलं की हेरातहून बिदरला माणूस आणू पाहणाऱ्याचं कौतुक वाटतं. गवान स्वतः नामांकित पत्रलेखक होता. त्याच्या पत्रांचा संग्रह आजही अभ्यासला जातो, आणि पत्र कसं लिहावं यावरही त्याचा फारसी ग्रंथ आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता बाहेर या आणि दर्शनी भिंतीसमोर उभे राहा. ही भिंत पूर्वेकडे तोंड करून आहे. म्हणूनच माझं म्हणणं आहे की गाडी इथे सकाळी लावा. संध्याकाळी भिंत सावलीत जाते, रंग मरतात, सगळं करडं दिसतं. मी सोळा-सतरा वेळा ते करडंच पाहिलं. सकाळी आठला ऊन सरळ तोंडावर येतं आणि मग कळतं की ही भिंत एकेकाळी निळी होती. गडद निळा, फिरोजी, पांढरा, पिवळा, हिरवा. भाजलेल्या मातीच्या फरशा, त्यांवर काचेसारखी झिलई, आणि चुन्यात घट्ट बसवलेल्या. काही ठिकाणी वेगवेगळ्या रंगांचे तुकडे कापून, रांगोळीच्या कणीसारखे एकाशेजारी एक लावलेत. गडद निळ्यासाठी कोबाल्ट, फिरोजीसाठी तांबं, पांढऱ्यासाठी कथील. आठवीचा विज्ञानाचा शिक्षक सोबत असेल तर त्याला बोलू द्या.

वरच्या अंगाला निळ्या जमिनीवर मोठ्या पांढऱ्या अरबी अक्षरांचा पट्टा आहे, कुराणातल्या वचनांचा. अक्षरं इतकी मोठी की खालून वाचता यावीत, आणि त्यांच्या उभ्या रेषा एका लयीत, वारकऱ्यांच्या रांगेतल्या पताकांसारख्या. वाचता येत नसलं तरी ती लय कळते. कोपऱ्यातला मिनार तीन टप्प्यांचा, 131 फूट उंच. त्याच्या अंगावर नागमोडी नव्हे, कोनांची नक्षी आहे: वर, खाली, वर, खाली, सगळीकडून गोल फिरत गेलेली. बऱ्याच ठिकाणी फरशा गळून पडल्यात, चुन्याचा गिलावा उघडा पडलाय. मी एका सकाळी पाऊण तास नुसता एका हातभर जागेकडे बघत उभा होतो. वर फिरोजी फरशीचा एक कोपरा शाबूत, बोटभर. त्याच्याखाली चुन्यात नुसती खोबण, फरशी कधीच गेलेली, पण तिच्या कडा चुन्यात छापल्यासारख्या स्पष्ट. दात पडला आणि हिरडीला जागा राहिली, तसं. फरशी बसवणाऱ्या माणसाने चुना किती ओला ठेवला होता ते त्या कडेवरून आजही समजतं.

मिनाराच्या सज्जांकडेही मुलांचं लक्ष वेधा. आपल्याकडे सज्जा म्हटला की खाली दगडी घोडे असतात, त्यांवर तो टेकतो. इथे घोडेच नाहीत. मिनाराचं अंगच वळत वळत बाहेर येतं आणि त्याचा सज्जा होतो, कुंभाराच्या चाकावर मडक्याची कड बाहेर वळावी तसा.

मिनार एकच का, असं मुलं विचारतीलच. होते दोन. गवानच्या मरणानंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनी फरिश्ता नावाच्या इतिहासकाराने लिहिलं की मदरसा अजून शाबूत आहे आणि नुकताच बांधून काढल्यासारखा दिसतो. 1657 मध्ये औरंगजेबाने बिदर घेतलं. पुढे मुघल अंमलात या शाळेत घोडदळाची माणसं ठेवली आणि काही खोल्यांत दारूगोळा. 1696 मध्ये त्यावर वीज पडली. दारूने पेट घेतला आणि दर्शनी भागाचा दक्षिणेकडचा अर्धा भाग, आग्नेयेचा कोपरा आणि दुसरा मिनार उडाला. गावातले काही जण हा स्फोट 1657 च्या वेढ्यातला म्हणून सांगतात. वेढ्यातला स्फोट वेगळा. तो किल्ल्याच्या बुरुजावर झाला आणि त्यात किल्लेदार सिद्दी मर्जान प्राणघातक जखमी झाला. दोन स्फोटांची सरमिसळ फार होते, तेवढी टाळा.

मला या विध्वंसातही शिक्षकाला एक सोय दिसते. गणितात सममिती आहे ना? इमारत मधोमध दुमडली तर दोन्ही अर्धे जुळतील अशी बांधलेली होती. उत्तरेचा अर्धा उभा आहे. मुलांना कागद-पेन्सिल देऊन प्रवेशाच्या रेषेवर उभं करा आणि गेलेला अर्धा काढायला सांगा. एकेका मुलाची रेघ हळूहळू पलीकडे जाताना पाहाल. शिकवणीत कधी काढून घेता न आलेली चित्रं मला दोन पोरांकडून त्या जागी मिळाली. सहलीतली नव्हे, गावातलीच, चौकात क्रिकेट खेळायला आलेली. त्यांनी चेंडू बाजूला ठेवला आणि माझ्या वहीत मिनार काढून दिला.

मोजमापांसाठी आपण ऋणी आहोत ते निजामाच्या राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे. त्या खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी बिदरच्या एकेका वास्तूची बारकाईने नोंद केली. अजिंठ्याच्या चित्रांच्या जतनाचं मोठं कामही याच खात्याने केलं. आज मदरसा केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांत आहे, आणि दख्खनच्या सल्तनतींची स्मारकं म्हणून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत 2014 पासून बिदरचंही नाव आहे.

आता कबूल केलेली गंमत. अरबी लिपीत प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो. अलिफ 1, बे 2, दाल 4, असं करत वर शंभर-हजारापर्यंत. याला अब्जद म्हणतात. आपल्याकडे जुन्या पोथ्यांत शक सांगताना चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, वेद म्हणजे चार असं लिहितात, त्याचाच हा चुलतभाऊ. मदरसा पुरा झाला तेव्हा सामी नावाच्या कवीने कुराणातलं एक वचन निवडलं: रब्बना तकब्बल मिन्ना. "हे प्रभो, आमच्याकडून हे स्वीकार." इब्राहिम आणि इस्माईल काबाच्या भिंती उभारताना ही प्रार्थना करतात, म्हणजे बांधकामाचीच प्रार्थना. आता बेरीज करा. जोडाक्षर एकदाच धरायचं. रब्बना: रे 200, बे 2, नून 50, अलिफ 1, झाले 253. तकब्बल: ते 400, काफ 100, बे 2, लाम 30, झाले 532. मिन्ना: मीम 40, नून 50, अलिफ 1, झाले 91. एकूण 876. हिजरी 876, बांधकामाचं साल. कवीला अर्थही हवा होता आणि हिशेबही, दोन्ही एका ओळीत बसले.

दहा हिजरी वर्षांनी त्याच माणसासाठी दुसरी ओळ रचावी लागली.

दरबारात दोन तट होते. बाहेरून आलेले आफाकी आणि इथलेच झालेले दख्खनी. गवान आफाक्यांचा म्होरक्या, तरी त्याने दोघांना सारखी पदं वाटायचा प्रयत्न केला. पण एकच किल्ला हाती ठेवायच्या नियमाने दुखावलेले सरदार कमी नव्हते. विरोधकांचा पुढारी म्हणून मलिक हसनचं नाव येतं. तो मूळचा विजयनगरच्या मुलखातून पकडून आणलेला ब्राह्मणाचा मुलगा, आणि त्याच्या घराण्याचं मूळ गाव म्हणून आपल्या परभणीतल्या पाथरीचं नाव सांगतात. त्याचाच मुलगा अहमद, ज्याने पुढे अहमदनगर वसवलं. फरिश्ता सांगतो ते असं: गवानचा शिक्का ज्याच्या ताब्यात होता त्याला दारू पाजून एका कोऱ्या कागदावर शिक्का मारून घेतला. मग त्यावर ओडिशाच्या राजाला बंडाचं आमंत्रण देणारा मजकूर लिहिला आणि सुलतानापुढे ठेवला. गवानला बोलावणं गेलं. शिक्का आपलाच, पण पत्र आपलं नाही, एवढंच तो सांगू शकला. आयुष्यभर पत्रं लिहिली, पत्र कसं लिहावं ते जगाला शिकवलं, आणि सत्तरीत जीव गेला तो न लिहिलेल्या पत्रापायी. 5 एप्रिल 1481, कोंडपल्लीच्या छावणीत. सुलतानाला खरं कळलं तेव्हा उशीर झाला होता. वर्षाच्या आत तोही गेला, आणि बहमनी राज्य पाच तुकड्यांकडे निघालं.

ती ओळ: बेगुनह महमूद गवान शुद शहीद. "निरपराध महमूद गवान शहीद झाला." ती जशी लिहिली होती त्या अक्षरांनी मांडा: बे 12, गुनह 75, महमूद 98, गवान 78, शुद 304, शहीद 319. बेरीज मी करून देत नाही. मुलांना द्या, आणि 876 वजा करायला सांगा.

काही अडचणी तुम्ही काढाल त्या मला ठाऊक आहेत. "पालक म्हणतील मदरशात कशाला नेलं?" हे वाक्य मी प्रत्यक्ष ऐकलंय. दर्स म्हणजे धडा. जिथे दर्स होतो तो मदरसा. शाळेला त्यांचा शब्द. पालकांना सांगा की पोराच्या पाठीवरचं दप्तर, त्यातला कागद, पेनातली शाई, सकाळची हजेरी, सही आणि रजा हे सगळे शब्द त्याच दारातून आपल्याकडे आलेत, आणि ते काढून ठेवले तर शाळा भरवायची कशी ते तुम्हीच सांगा. एवढ्यावर बहुतेक जण हसतात आणि वर्गणी देतात.

दुसरी अडचण वेळेची. ती खरी आहे. झरणी चुकवली तर मुलं रुसतात, लंगर चुकवणं पाप आणि किल्ल्याशिवाय बिदर नाही. म्हणून क्रम फिरवा. पहाटे निघालात की आठच्या आत मदरशापाशी. गाडीतली झोप उतरायच्या आतच मुलांना त्या उन्हात उभं करा. दोन तास. त्यातला पहिला अर्धा तास काहीही सांगू नका, पावलांनी चौक मोजू द्या, खोल्या मोजू द्या. मग दर्शनी भिंत. मग सावलीत बसून बेरीज. दहाला झरणी, एकला लंगर, दुपारी किल्ला. किल्ल्यात रंगीन महालातलं शिंपल्याचं जडावकाम दाखवाल तेव्हा मुलं स्वतःहून म्हणतील की इथलेही कारागीर बारीक होते. आणि गावात बिदरीचा कारागीर काळ्या धातूत चांदीची तार ठोकताना दिसला तर सहलीचे पैसे वसूल.

फरशांना हात लावू देऊ नका. भिंतीवर नावं कोरणाऱ्यांत आपली मुलं नसतात असं आपण म्हणतो. मी एका खोलीत आमच्याच तालुक्यातल्या गावाचं नाव वाचलंय, पुढे इयत्तेसकट.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
उदगीर तालुका

ता. क. : अब्जदचा तक्ता शोधत फिरू नका, जवळच्या उर्दू शाळेत विचारा. आमच्या गावच्या उर्दू शाळेतल्या सरांनी मला तो जुन्या वहीच्या पाठच्या पानावर पाच मिनिटांत लिहून दिला आणि वर चहा पाजला. दोन्ही शाळांमध्ये एकच भिंत आहे. तेवीस वर्षं मी तिच्या अलीकडे होतो, एकदाही पलीकडे गेलो नव्हतो.